शेपूट कापलेला नमुना

मी जुना आहे, ब्रश आहे आणि माझे वर्गीकरण झालेले आहे. मित्रांनो, यांतल्या पहिल्या दोन गोष्टी मला पाहून कोणालाही कळतील. तिसरी ठरायला मात्र सतरा दिवस लागले, आणि त्या दिवसांत पेणच्या सगुणा घरत यांना नीट झोप लागली नाही.

माझा जन्म जर्मनीच्या दक्षिणेकडील एका लहान कारखान्यात झाला. जन्म म्हणण्याची रीत आहे म्हणून म्हणतो. खरे तर एका यंत्राने मला बारा सेकंदांत विणले आणि दुसऱ्याने कातरले. माझे डोके सोललेल्या नारळाएवढे. त्यावर नायलॉनचे ताठ केस, आणि केसाकेसात खरखरीत कण मिसळलेले. डोक्याखाली बोटभर लांबीची पोलादी शेपूट होती. स्क्रूवर असतात तसे तिच्यावर आटे पाडलेले होते, पण ते उलटे होते. साधा स्क्रू उजवीकडे फिरवला की आत जातो. माझी शेपूट डावीकडे फिरवली की आत जात असे. यात चमत्कार काही नाही. मला ज्या यंत्रावर बसायचे होते ते डावीकडे फिरते, एवढेच त्याचे कारण.

ते यंत्र रसायनांच्या टाक्या आतून घासते. टाकीच्या तोंडातून एक लांब, लवचिक शाफ्ट आत सोडतात. त्याच्या टोकाला मी बसतो, मोटर सुरू होते आणि मी टाकीच्या भिंतींवरचा थर खरवडतो. माणसाने बाहेर उभे राहायचे असते. माझ्या साऱ्या हकिगतीत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

सगुणाबाई पूर्वी रोह्याजवळच्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत. वर्षातून एकदा तो कारखाना पंधरा दिवस बंद ठेवून टाक्या साफ केल्या जात. पेणजवळच्या जोहे गावचे गुणाजी पाटील पाच गडी घेऊन ते काम करायला येत आणि हातात ब्रश घेऊन टाकीत उतरत. एकोणीसशे शहाण्णवच्या मे महिन्यात गुणाजी टाकीत बेशुद्ध पडले. दोराने वर ओढून काढले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. ते वाचले, पण तेव्हापासून चार पायऱ्या चढल्या की त्यांना थांबावे लागे. सगुणाबाईंनी त्या टाकीतली हवा मोजली, आकडे कागदावर लिहून साहेबांना दिले आणि तीन महिन्यांनी नोकरी सोडली. पेण स्थानकाजवळ एक खोली घेऊन त्या कारखान्यांना साफसफाईची अवजारे पुरवू लागल्या. कारखान्याच्या साहेबांकडून त्यांनी एक शब्द घेतला होता. पुढच्या बंदच्या पहिल्या दिवसापर्यंत, म्हणजे दोन मेपर्यंत, यंत्र आणि शंभर ब्रश रोह्यात हजर असतील तर टाकीत माणूस उतरणार नाही. नसतील तर काम जुन्याच पद्धतीने होईल.

यंत्र आणि शंभर ब्रश मागून येणार होते. नमुन्याचे आम्ही बारा भाऊ त्यांच्या आधी, जानेवारीत आलो. बंदरावर यंत्राचा भाग म्हणून आम्हाला मंजुरी मिळाली, आणि यंत्र पुढे गुणाजीच चालवणार म्हणून सगुणाबाईंनी आम्हाला त्यांच्या ताब्यात दिले.

गुणाजी वर्षातले दहा महिने जोह्याच्या मूर्तिशाळेत राबत. तिथली एक रीत आहे. नवा ब्रश आला की तो जसाच्या तसा वापरायचा नाही. आपल्या हाताला जमेल असा दांडा त्याला लावायचा, मग कामाला घ्यायचा. मूर्तीच्या कानामागची धूळ काढायला वीतभर दांडा आणि साचा झाडायला हातभर, अशी त्यांची मापे ठरलेली. तेव्हा माझ्या शेपटीकडे पाहून गुणाजींना यंत्र आठवले नाही, दांडा आठवला. त्यांनी झाडूचा आट्यांचा लोखंडी दांडा आणला आणि माझ्यावर फिरवून पाहिला. तो बसेना. दुसरा आणला, तिसरा आणला, चौथा आणला.

"काय झटापट चाल्ली ब्रशासंगं?" गुणाजींच्या बायको पुतळीबाईंनी साच्याला रबर लावता लावता विचारले.

"आटे उलटं पाडलेत गोऱ्यांनी."

"त्यांचं उलटं नसंल. तुमचा हात उलटा असंल."

"बघ गो तूच."

पुतळीबाईंनी फिरवून पाहिले आणि मला परत दिले. गुणाजींनी लोखंड कापायची करवत घेतली. माझ्या शेपटीचे दोन आटे तेवढे राहिले, बाकीचा तुकडा जमिनीवर पडला. मग त्यांनी बांबूचा दांडा टोकाला चिरला, उरलेला खुंट त्यात बसवला, सुती दोरा सरसात बुडवून घट्ट गुंडाळला आणि दोन दिवस सावलीत वाळवला. बाराही भावांचे त्यांनी असेच केले. काम सुंदर झाले होते. करणाऱ्याच्या हाताला दोष देता येत नाही. त्याने फक्त आधी विचारले नाही.

पुढचे दोन महिने मी रबरी साचे झाडले. साच्याच्या बारीक खाचेत अडकलेले प्लास्टर माझ्याइतके स्वच्छ दुसऱ्या कोणाला काढता येत नसे. "असा ब्रश नाय बघितला," असे गुणाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. स्तुती मलाही आवडली, हे कबूल करतो.

मार्चच्या अखेरीस यंत्र आले. सगुणाबाईंनी गुणाजींना पेणला बोलावले. येताना ते मला पिशवीत घालून घेऊन आले होते, दाखवायला. बाईंनी शाफ्टचे टोक त्यांच्यापुढे धरले आणि ब्रशाची शेपूट यात कशी बसते ते बोटाने फिरवून समजावले. गुणाजींनी एकदा शाफ्टकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि मला पिशवीत आणखी खाली सारले. माझा बांबू मात्र बाहेर दिसतच होता.

"नवे शंभर यायला उशीर झाला तर हे बारा आहेत," सगुणाबाई म्हणाल्या. "बाराने तीन टाक्या होतील. बांबू सोडवू आणि यंत्रावर चढवू. दादा, शेपूट आत शाबूत आहे ना?"

"हाय," गुणाजी म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "हाय ना."

मला बोलता येत असते तर मी बोललो असतो.

नवे शंभर ब्रश एप्रिलच्या सुरुवातीला बंदरात उतरले आणि तिथेच अडकले. सात एप्रिलला सीमाशुल्क कार्यालयाचे पत्र आले. आयात होणाऱ्या प्रत्येक वस्तूला एका मोठ्या पुस्तकात जागा शोधून द्यावी लागते. त्या पुस्तकाच्या शहाण्णवाव्या प्रकरणात, तिसऱ्या शीर्षकाखाली, जगातले बहुतेक झाडू आणि ब्रश राहतात. हाताने वापरायचे ब्रश त्याच शीर्षकात आणि यंत्राचा भाग असलेले ब्रशही त्याच शीर्षकात, फक्त ओळी वेगळ्या. पण त्या वर्षांत ओळीवर पुष्कळ काही ठरत असे. घरगुती वापराच्या कित्येक वस्तू तेव्हा परवान्याशिवाय आणता येत नसत. माझे भाऊ हाताचे ब्रश ठरले असते तर परवाना मागावा लागला असता, आणि परवाना येईपर्यंत मे महिना उलटून गेला असता. अधिकाऱ्यांनी पत्रात एवढेच विचारले होते: हे आटे यंत्रासाठी आहेत की दांड्यासाठी? आधी आलेल्या बारांपैकी एक, आज ज्या स्थितीत वापरात आहे त्या स्थितीत, तपासणीला पाठवावा.

सगुणाबाई जोह्याला आल्या. मी साच्याजवळ पडलो होतो.

"दांडा काढून पाठव गो," पुतळीबाई म्हणाल्या. "कशाला त्यांच्या हातात काठी द्यायची?"

"आहे त्या स्थितीत पाठवा असं लिहिलंय, काकू. मी दांडा काढला तर ते माझं मत झालं, पुरावा नव्हे."

"हाय तसाच धाडा," गुणाजी घाईने म्हणाले. "दांड्याला हात नका लावू."

सगुणाबाईंना वाटले, दादांना आपले म्हणणे पटले. त्यांनी सोबत चिठ्ठी लिहिली: दांडा तात्पुरता, स्थानिक पातळीवर लावलेला; सध्या मूर्तिशाळेत साचे साफ करण्यासाठी वापर. यातले एक अक्षरही खोटे नव्हते, आणि प्रत्येक अक्षर त्यांच्याच विरुद्ध जात होते.

अकरा एप्रिलला बंदरावरच्या त्या कार्यालयात माझ्या मानेला चिठ्ठी बांधली गेली आणि मला नमुन्यांच्या कपाटात ठेवले. शेजारी आधीच्या प्रकरणांतले तीन ब्रश होते, तिघांनाही आट्यांचे दांडे. त्यांची प्रकरणे निकाली निघाली होती, सगळे हाताचे ब्रश ठरले होते. अधिकाऱ्यांनी मला त्यांच्या शेजारी ठेवले, चौघांकडे पाहिले आणि फायलीत काहीतरी लिहिले. सुनावणी चोवीस एप्रिलला ठेवली.

त्या दिवशी सगुणाबाई आल्या तेव्हा गुणाजी त्यांच्या मागोमाग होते. यंत्राचा शाफ्ट त्यांनी वेटोळे करून खांद्यावर घेतला होता. ते दारातच थांबले, धाप ओसरू दिली आणि मग शाफ्ट टेबलावर ठेवला. एसटीत कंडक्टर या वेटोळ्याचे सामानाचे तिकीट मागत होता, असे ते सांगू लागले, पण कोणाचे लक्ष नव्हते.

अधिकारी पन्नाशीचे, मोजके बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला टेबलावर ठेवले. "बाई, तुम्ही जाहीर केलंय यंत्राचा भाग. नमुना मात्र दांडा लावून मूर्तिशाळेत साचे झाडतोय. मी काय समजू?"

"वस्तू बंदरात ज्या स्थितीत उतरते त्या स्थितीत तिचं वर्गीकरण होतं, साहेब. बांबू काही जर्मनीहून आलेला नाही."

"मान्य. पण आटे जर्मनीहून आलेत. ते दांडा लावण्यासाठीच दिलेले नसतील कशावरून?"

सगुणाबाईंनी अडकलेल्या मालातला एक नवा ब्रश मागून घेतला आणि तो शाफ्टवर चढवून दाखवला. तो छान बसला. अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

"शाफ्ट तुमचा, ब्रश तुमचा, बसणारच. कशात बसतो हे दाखवणं सोपं असतं, बाई. तो दांड्यात बसत नाही, हे दाखवा. आणि तो तर दांड्यात बसलेला माझ्यासमोर आहे."

मित्रांनो, मला त्यांचा राग आला नाही. प्रश्न अगदी बरोबर होता. सगुणाबाईंनाही तो बरोबर वाटला असावा. आपल्या बाजूचे दहा पुरावे जमवायला त्या आल्या होत्या आणि समोरच्याने एकच मागितला होता, पण खोटा ठरवून पाहता येईल असा. त्यांनी मला हातात घेतले, उलटसुलट केले.

"हा दांडा सोडवायची परवानगी द्या. आतली शेपूट जशीच्या तशी आहे. ती पाहिलीत की—"

"सोडवून काय मिळायचं नाय, ताय," गुणाजी म्हणाले.

"का?"

"आत शेपूट नाय. कापली मी. बाराच्या बारा."

सगुणाबाईंच्या हातात मी होतो, म्हणून त्यांची बोटे आवळलेली मला कळली. तीन टाक्यांचा जो आधार त्यांनी मनात धरला होता, तो एका वाक्यात गेला होता. आठ दिवसांनी टाकीच्या तोंडाशी उभे राहून त्यांना आत उतरणाऱ्या या माणसाकडे पाहावे लागणार होते.

"मी विचारलं तेव्हा शाबूत आहे म्हणालात."

"मशीन बघितली तवा कळलं काय करून ठेवलं ते. लाज वाटली. तुमी दुसरा माणूस बघाल म्हटलं." गुणाजींनी मान खाली घातली. "पन आता बारांच्या भरवशावर ऱ्हाल आन् फसाल. म्हनून सांगतो."

सगुणाबाईंनी मला टेबलावर ठेवले. पुढचा प्रश्न त्यांनी ज्या आवाजात विचारला तो रागाचा नव्हता. प्रयोगशाळेत काचेच्या नळीकडे पाहून विचारतात तसला होता.

"का कापलीत?"

"दांडा बसंना म्हणून."

"कुठला दांडा?"

"झाडूचा. लोखंडी, आट्यांचा. चार लावून बघितले, एक नाय बसला. आटे उलटं हायत ना याचं."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवले. "उलटे?"

"व्हय. डावीकडं फिरवायचं. साहेब, तुमच्या कपाटात दांडे दिसतायत. लावून बघा की. मी कशाला सांगू?"

अधिकारी उठले. कपाटातले माझे तीन शेजारी त्यांनी टेबलावर आणले, त्यांचे दांडे काढले आणि नवा ब्रश एकेका दांड्यावर फिरवून पाहिला. उजवीकडे फिरवला, तो जागचा हलला नाही. डावीकडे फिरवला, तरी नाही. "जाडीत फरक असेल," ते म्हणाले.

"दोन ब्रशांच्या शेपट्या शेजारी धरून बघा," गुणाजी म्हणाले. "जाडी तीच हाय. चढ उलटा हाय."

अधिकाऱ्यांनी भिंग काढले आणि दोन्ही आटे शेजारी धरून बराच वेळ पाहिले. मग भिंग माझ्याकडे वळवले. "आणि हा? हा कसा बसला?"

"गरम पाणी असंल कपभर?"

शिपायाने चहाच्या किटलीतून पाणी आणून दिले. गुणाजींनी माझी मान पाण्यात धरली. सरस मऊ झाला तसा त्यांनी स्वतःच्याच हाताने गुंडाळलेला दोरा फेर मोजत सोडवला. असे काम मोडताना हात जड होतो, ते मला जाणवत होते. बांबूची चीर उघडली आणि माझा खुंट बाहेर आला. त्यावर उरलेले दोन आटे, आणि करवतीचे तिरके ओरखडे.

"हा दांडा बसवलेला नाही," अधिकारी हळूच म्हणाले. "शेपूट तोडून बांधलेला आहे."

"दांडा लावण्यासाठी जे आटे तोडावे लागले, ते दांड्यासाठी नव्हते, साहेब," सगुणाबाई म्हणाल्या. "आणि हे तोडले जानेवारीत. तुमचं पत्र एप्रिलचं. ज्यानं तोडले त्याला दांडाच हवा होता. त्याच्यापेक्षा निःपक्षपाती साक्षीदार मला सापडला नसता."

"उलटे का पाडले?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. हा ब्रश घट्ट धरा." त्यांनी शाफ्ट हाताने डावीकडे फिरवला. अधिकाऱ्यांच्या मुठीतला ब्रश जसजसा अडला तसतसा शाफ्टवर आवळत गेला. "साधे आटे असते तर घासता घासता सैल होऊन टाकीच्या तळाशी पडला असता. मग तो काढायला माणूस उतरवावा लागला असता."

अधिकाऱ्यांनी ब्रश सोडवायचा प्रयत्न केला. दोन्ही हात लावावे लागले. ते बसले आणि लिहू लागले. त्यांच्या लिहिण्यात कोणतीही घाई नव्हती. चार ओळींनंतर त्यांनी विचारले, "गुणाजी, पूर्ण नाव सांगा." आपल्याला शिक्षा होणार असे वाटून गुणाजींनी नाव सांगितले. अधिकाऱ्यांनी ते साक्षीदार म्हणून नोंदवले.

आदेश अठ्ठावीस एप्रिलला निघाला: यंत्राचा भाग असलेले ब्रश. फायलीचे काम संपले म्हणून मलाही परत देण्यात आले, शेपटीविना आणि दांड्याविना. माल सोडवून परत येताना टेम्पोत सगुणाबाई आणि गुणाजी पुढे बसले होते आणि मी बाईंच्या मांडीवरच्या पिशवीत.

"दादा, मार्चमध्ये खरं सांगितलं असतंत तर मी चिठ्ठीत ते लिहिलं असतं. ही सुनावणी झालीच नसती."

"व्हय," गुणाजी म्हणाले. थोडे अंतर गेल्यावर पुन्हा म्हणाले, "पन ताय, 'शाबूत आहे ना' असं इचारू नका माणसाला. माणूस व्हय म्हणतो. 'काय केलंस' असं इचारा."

सगुणाबाईंनी पिशवीतून वही काढली आणि ते लिहून घेतले. मी पाहिले म्हणून सांगतो.

दोन मे रोजी रोह्याच्या त्या कारखान्यात टाकीचे झाकण उघडले गेले. शंभर भाऊ खोक्यात रांगेने बसले होते, मी बाईंच्या पिशवीत. कारखान्याचे साहेब वही घेऊन आले. त्यांच्या वहीत दरवर्षीप्रमाणे एक रकाना होता.

"आत कोण उतरतंय? नाव सांगा."

"कोण नाय," गुणाजी म्हणाले.

"रकाना आहे, काहीतरी लिहावं लागेल."

"मग 'कोण नाय' असं लिहा."

साहेबांनी सगुणाबाईंकडे पाहिले. त्या शाफ्टवर पहिला ब्रश डावीकडे फिरवून चढवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि तसे लिहिले. मोटर सुरू झाली. गुणाजी शाफ्ट धरून टाकीच्या तोंडाशी, बाहेर, उघड्या हवेत उभे राहिले आणि आतून घासल्याचा आवाज येत राहिला. पंधरा दिवसांत माझे एकेचाळीस भाऊ झिजून संपले. त्यांतल्या एकाचेही मला वाईट वाटले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी आपल्याला जपा असे सांगते, अशी रीत आहे. मी ते सांगणार नाही. ब्रश झिजण्यासाठीच केलेला असतो. मला वापरा, घासून संपवा आणि फेकून द्या. फक्त कोठे कोणती टाकी उघडलेली दिसली, तर आत कोण उतरणार आहे ते विचारा, आणि उत्तर लिहून घ्या. माणूस ही वस्तू त्या मोठ्या पुस्तकाच्या कोणत्याच प्रकरणात नाही. मी त्या फायलीवर सतरा दिवस बसून होतो. मी पाहिले आहे.